डिकीतला तांदळाचा कट्टा

कसं सांगावं तुम्हाला, म्हणजे हातातला चहा सांडणार नाही? गेल्या वर्षी माझी झोप उडाली होती ती एका प्रश्नाने: कोणत्या गाडीची मागची सीट कमी उसळते? लोकांना घराची काळजी असते, तब्येतीची असते. मी मात्र डोळे टक्क उघडे ठेवून गाडीच्या स्प्रिंगांचा विचार करत पडलेली असायची.

कारण आमची मिनू. वय पाच, आवाज पंधराचा आणि पोट कागदाचं. तिला गाडी लागते. एसटीत बसली की पहिल्या वळणावर तोंड पांढरं, दुसऱ्यावर पिशवी. आम्ही राहतो नवेगाव बांधला, तिथं ह्यांचं खताबियाण्यांचं दुकान आहे. माझं माहेर केशोरी. अंतर म्हणाल तर फार नाही, पण मधे जंगलातली वळणं. माझ्या आईचे गुडघे गेलेले, गाडीत पाय दुमडून बसवत नाही, म्हणून तिला इकडे येता येत नाही. मिनूला तिकडे जाता येत नाही. आजी-नात दोघी मोबाइलच्या काचेला पापे द्यायच्या.

"पोट्टीले कधी आणते व?" आई फोनवर विचारायची.

"गाडी घेतली की आणते," मी म्हणायची.

आता गाडी घ्यायची म्हणजे जाऊन घ्यायची, नाही का? ह्यांचं म्हणणं तेवढंच होतं. चार चाकं, वर छप्पर, झालं. पण मी पडले बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. हे वाक्य तुम्ही विसरलात तर माझ्यावर उपकार होतील.

मी व्हिडिओ पाहिले. भात उतू जाईपर्यंत पाहिले. शेवटी तीन गाड्या निवडल्या. एक छोटी पेट्रोलची. अ‍ॅव्हरेज उत्तम, आमच्या बोळात सहज वळते, पण डिकी अशी की दोन दप्तरं ठेवली तर तिसरं मांडीवर घ्यावं लागेल. दुसरी बॅटरीची. चालवायचा खर्च नावाला, पण आमच्याकडे जरा वारं सुटलं की लाइन जाते, मग काय बैल जुंपून ओढायची? तिसरी उंच. खड्ड्याला भीत नाही, डिकीत पाहुणा झोपेल, फक्त पेट्रोल पिण्यात हात सढळ.

हे सगळं मी येईल त्याला ऐकवायची. पण खरं सांगू? माझ्या तराजूत एकच माप होतं. मिनू ओकते की नाही.

शोरूम गोंदियाला. तिथले दुबेजी, पन्नाशीकडे झुकलेले, भर उन्हात टाय लावणारे आणि गिऱ्हाइकाला कशालाही नाही न म्हणणारे. त्यांनी एकेक गाडी आमच्या दारात आणून दाखवायचं कबूल केलं.

लोक टेस्ट ड्राइव्हला ब्रेक पाहतात, गिअर पाहतात. मी मिनूला आधी पोटभर वरणभात भरवला. रिकाम्या पोटी चाचणी काय कामाची? आज हे लिहिताना माझाच हात मला दिसतो, घास पुढे करणारा, आणि नको वाटतं. त्या वेळी मात्र मला ते फार शास्त्रीय वाटलं होतं.

छोट्या गाडीत मी तिच्या शेजारी बसले, हातात पिशवी तयार. "मिनू, मळमळतं का?" नाही म्हणाली. पुढच्या वळणाला, "आता?" नाही. "नक्की ना? पोटात कसं होते?" गावच्या तलावाच्या पाळीपर्यंत पोचायच्या आत वरणभात बाहेर. छोटी गाडी बाद.

बॅटरीची गाडी आली. आवाज म्हणून नाही. इतकी शांत की माझी कुजबुजसुद्धा भोंग्यासारखी ऐकू येत होती. तिथं तर मिनूनं पाळही गाठली नाही. पिकअप जास्त आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि तीही बाद केली.

राहिली उंच गाडी. दुबेजींना केशोरीकडे एक गिऱ्हाईक पाहायचं होतंच, म्हणाले, "मॅडम, लंबा चला के देखो. मक्खन है." मी म्हटलं, बरं झालं, माहेरी एक चक्कर होईल. आईला काही कळवलं नाही. मिनू नीट पोचेल याची खात्री कुठे होती?

नाहीच पोचली नीट. दोनदा थांबलो. दुबेजी पायाखालचा मॅट हापशीवर धूत म्हणाले, "कोई बात नहीं मॅडम, रबर का है, पाँच मिनट में साफ." विकणारा माणूस, त्यानं त्यातूनही गाडीचा एक गुण काढला.

अंगणात गाडी शिरली आणि आई काठी टेकत बाहेर आली. तिनं आधी नातीला पाहिलं, मग गाडीला, मग मला. आणि तिचे डोळे भरून आले. मिनूला दोन्ही हातांनी चाचपत ती नुसती म्हणत राहिली, "आली माय, आली."

आता तुम्ही सांगा, अशा चेहऱ्यासमोर 'ही गाडी संध्याकाळी परत द्यायची आहे' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हटलं, चहा झाला की सांगते.

चहाच्या आधी शेजारणी आल्या. मग ताट आलं. चारही चाकांखाली लिंबं गेली. नारळ फुटला. आणि आईनं तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन शोरूमच्या पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर हे एवढं स्वस्तिक काढलं. दुबेजी माझ्या कानाशी आले.

"मॅडम, ये डेमो गाडी है. कल आमगाँव में दिखानी है."

"दुबेजी, दो मिनट."

तेवढ्यात आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डायवर बी ठेवला का व? अन् टायवाला?"

मी मान हलवली. कोणत्या दिशेनं ते मलाच कळलं नाही, आईला होकार वाटला. दुबेजींना पाट मांडून जेवू घातलं. ते टाय खांद्यावर टाकून मुकाट्यानं जेवले, वर आणखी वरण मागितलं.

निघताना माझा भाऊ नव्या तांदळाचा कट्टा, म्हणजे चांगलं भरलेलं पोतं, खांद्यावर घेऊन आला आणि डिकीत टाकला. दिवाळी नुकतीच झाली होती, घरात नवं धान आलं होतं. मी म्हटलं, "आता हे कायले?" माहेरी गेले की माझं फिजिक्स गळून पडतं आणि भाषा आपसूक येते.

"लेकीची नवी गाडी रिकामी जाते का?" आई म्हणाली.

चहा होऊन गेला, जेवणं झाली, पानं झाली. मी सांगितलं नाही.

परत येताना मी पुढे दुबेजींच्या बाजूला बसले. तोंडातून शब्द फुटेना. आईनं पाय दुखत असताना वाकून वाकून लिंबं ठेवली होती, ती परक्या गाडीला. आता खरं कसं सांगू, कधी सांगू, सांगू तरी का, या विचारात वळणं कधी गेली कळलं नाही. घरी पोचून मागे वळून पाहते तर मिनू खिडकीला नाक लावून गाणं म्हणत होती. कोरडी! पिशवीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

माझ्यातली बी.एस्सी. खडबडून जागी झाली. जाताना उलटी, येताना नाही. बदललं काय? गाडी तीच, रस्ता तोच, पोरगी तीच. बदलला एकच घटक: डिकीतला कट्टा! मागे वजन पडलं की गाडी दबून चालते, उसळत नाही. मी दुबेजींना सांगितलं. "बिलकुल मॅडम," ते म्हणाले, "लोड से गाडी बैठती है." मी कट्ट्याऐवजी कोहळ्याचं नाव घेतलं असतं तरी ते बिलकुलच म्हणाले असते.

दारात सासूबाई उभ्या होत्या. माझ्या आईनं आनंदाच्या भरात त्यांना फोन करून अभिनंदन केलं होतं.

"माहेरी पूजा झाली म्हणते गाडीची," त्या म्हणाल्या. "बरं झालं. मंग आमच्या दारात कायले आणली?"

मी सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी बॉनेटवरच्या स्वस्तिकावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे लोकाच्या गाडीले नारळ फोडून आली तू?"

तिकडे ह्यांच्या दुकानात खत घ्यायला आलेली माणसं पेढे मागून राहिली होती. कुंकवाचा तेलकट डाग काही पूर्ण निघेना, दुबेजी दुसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाले, "मॅडम, यही ले लो." पूजा झालेली गाडी परत पाठवू नये, हे सासूबाईंनी बजावलं. आणि माझ्याकडे तर शास्त्रीय कारण होतं. घेतली तीच गाडी.

मग सुरू झाली आमची कट्टायात्रा. बाजारात जा, दवाखान्यात जा, लग्नाला जा, मागे तांदूळ. ज्या बाईनं तीन गाड्यांचं अ‍ॅव्हरेज दशांश चिन्हापर्यंत पाठ केलं होतं, ती आता तांदळाला जिल्हाभर फिरवत होती. पंपावर उभं राहिलं की हे आरशातून माझ्याकडे पाहायचे. एकदा म्हणाले, "आपण दोघं उतरून जाऊ का? कट्ट्याला मोकळं बसता येईल."

आणि मिनू? ओकतच होती. केशोरीच्या वाटेला लागलो की अर्ध्यातून परत. मी म्हटलं, वजन कमी पडतंय. दुसरा कट्टा टाकला. गाडीचं तोंड वर झालं, मिनूचं खालीच. तिकडे आई नातीसाठी गोड करून ओट्यावर बसलेली, आणि मी जंगलातून फोन करते, "आज नाही जमत व आई." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणायची, "राहू दे. पोट्टीले त्रास नोको देऊ." आणि फोन ठेवायची. पुढे पुढे तिनं कधी आणते हे विचारणंच सोडलं. त्या न विचारण्यानं मला जेवण गोड लागेना.

मागच्या रविवारी कट्ट्यात किडे झाले म्हणून ह्यांनी दोन्ही उतरवले. मी नवा आणायच्या तयारीत. मिनू पायरीवर बसून पाहत होती. मी तिला समजावलं, "तुला त्या दिवशी त्रास झाला नाही ना, तो कट्ट्यामुळे. म्हणून आपण ठेवतो."

"कट्ट्यानं नाही काही," ती म्हणाली.

"मग कशानं?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारत होते. उलटीबद्दल विचारत होते ते रोज, वळणागणिक. पण हे नाही.

"तू विचारून राहते ना, मळमळतं का, मळमळतं का," मिनू म्हणाली. "मग मी पोटाकडे पाहते. मग येते. त्या दिवशी तू बोललीच नाही."

हे हातातला रिकामा कट्टा झटकत होते, ते थांबले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. सासूबाई मात्र आतून म्हणाल्या, "तीन गाड्यांत ओकली पोरगी, अन् दोष मायच्या तोंडाचा."

मी काय बोलणार? बोलणंच तर बंद करायचं होतं.

त्याच दुपारी निघालो. डिकी रिकामी. मी पुढच्या सीटवर, पदर दातात धरून. पहिलं वळण गेलं. मी मुठी आवळल्या. मागून आवाज नाही. बरी असेल? पांढरी पडली असेल? जीभ टाळूला चिकटवून ठेवली. जंगल संपलं. केशोरीची पहिली घरं दिसली, आणि लांबून आमच्या ओट्यावर काठीला टेकून उभी असलेली आई दिसली. मला राहवेना. बोलायचं नव्हतंच मला, शपथ. फक्त मान वळवून एकदा डोळे भरून पाहायचं होतं.

मान अर्धीच वळली होती.

"आई," मिनू म्हणाली, "पाहू बी नोको."