दार लावा, ओल जातीया!

साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या माणसांच्या वाट्याला जेवढा म्हणून राग आला असेल, त्यातला निम्माअधिक आमच्या घरमालकांनी एकट्यानं उचलून नेला होता, आणि उरलेला त्यांच्यामुळे मला येत असे. दुसऱ्या लढाईची वर्षं होती. मी इस्लामपुरात शाळामास्तर होतो, सडाफटिंग होतो आणि त्यांच्या घराची उत्तरेकडची खोली घेऊन राहत होतो. ते पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले पेन्शनर सुभेदार. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ आणि आवाज असा, की शेजारच्या आळीतल्या म्हशी पान्हा चोरायच्या. कोंबडा आरवला की "ह्याला कुनी इचारलं?" म्हणून चिडायचे, आणि नाही आरवला तर "म्येला का काय?" म्हणून चिडायचे. उचकी लागली तर आठवण काढणाऱ्याला शिव्या. एकदा पाय मुरगळला, तेव्हा त्यांनी त्या पायाला ओट्यावर बसून असं काही झापलं की तो दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं चालायला लागला. मी स्वतः काही गरीब स्वभावाचा नाही, पण त्यांच्यापुढे माझा राग म्हणजे ओल्या काडीचा जाळ.

त्यांचा एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. तो एकदा रजेवर आला आणि किटबॅगेतून एक कासव घेऊन आला. पितळी तांब्याएवढं, पिवळट पाठीचं, तोंडावर कायमची नाराजी. परत जाताना मोटारीच्या टपावर बोचकं चढवता चढवता तो म्हणाला, "आबा, हे तिकडल्या जंगलातलं हाय. पान्यात सोडू नगा, बुडंल. ह्याला निस्ती ओली हवा लागती. मी येस्तवर सांबाळा." मोटार धुरळा उडवत गेली. सुभेदारांनी हे वरून आलेल्या हुकमासारखं घेतलं. कासवाचं नाव त्यांनी रंगरूट ठेवलं आणि रोज सकाळी त्याची हजेरी घ्यायला सुरुवात केली. कासव आहे तोवर पोरगं आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते कधी बोलले नाहीत, पण घरात सगळ्यांना ते कळत होतं.

आता ओली हवा आणायची कुठून? आमच्याकडे फाल्गुन सरला की ओठ फुटतात आणि दारं आखडून आपोआप उघडतात. सुभेदारांनी सगळं घर हिंडून पाहिलं आणि जाड मातीच्या भिंतींची गार खोली एकच आहे असं ठरवलं. ती माझी. "मास्तर, अर्दी खोली सरकारजमा!" एवढंच म्हणून त्यांनी मधोमध तुरकाट्यांचा कुड घातला, शेणानं लिंपला आणि त्याला दार केलं. आत जमिनीवर नदीकाठची माती टाकून वर उसाचं पाचट पसरलं. चारी बाजूंनी ओली गोणपाटं. वर आढ्याला एक भोक पाडलेलं मडकं टांगलं, महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात तसं. मालकीणबाईंनी, म्हणजे मी ज्यांना मावशी म्हणत असे त्यांनी, कपाळाला हात लावला. "आवं, द्येव तरी सोडा!" सुभेदार म्हणाले, "द्येवाला ओल लागत न्हाई, ह्याला लागती."

पहिल्यांदा त्यांनी सगळी फट न् फट बुजवली. मग पाचट कुजून आंबूस वास सुटला आणि थंडी पडताच रंगरुटाच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. सुभेदारांनी बुडबुड्यांनाही दम दिला. ते ऐकेनात तेव्हा मात्र डोकं लावलं. वळचणीखाली झरोका पाडला, कुजकं पाचट काढून नवं घातलं, एका कोपऱ्यात कोरडी फळी टाकली, आणि स्वतःच्या पलटणीतल्या घोंगड्यात गरम पाण्याचं गाडगं गुंडाळून तिथं ठेवलं. "ओल पायजे, गारठा न्हवं," हे ते मला असं ओरडून सांगत, जणू गारठा मीच आणून ठेवला होता. पिण्याला उथळ परात, पाणी हनुवटीच्या वर जाता कामा नये. थंडीभर स्वतः सुभेदार साध्या चादरीवर कुडकुडत झोपले.

आणि कुडाच्या अलीकडे मी! माझे सदरे वाळेनात, खडू मऊ पडले, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना मिशा फुटल्या. एक दिवस पाहतो तर माझ्या चांगल्या जोड्यावर भूछत्रं उगवलेली. मी संतापून तो जोडा सुभेदारांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो निरखून पाहिला, भूछत्रं अलगद खुडली आणि रंगरुटापुढे टाकली. एरवी तांदुळज्याकडेही पाहून मान फिरवणाऱ्या त्या प्राण्यानं ती मिटक्या मारत संपवली. दुसऱ्या दिवशी मला हुकूम झाला, "मास्तर, त्यो जोडा जागचा हलवायचा न्हाई." मी खोली का सोडली नाही, असं लोक विचारतात. मावशींच्या हातची भाकरी आणि आमटी खाल्लेल्यानं हा प्रश्न विचारला नसता.

गावाला मात्र कासव म्हणजे देवळातलं कासव. बायका हळदीकुंकू घेऊन यायच्या, त्याच्या पाठीवर चिमटी सोडायच्या, आणि सुभेदार ओल्या फडक्यानं पाठ पुसत त्यांच्या सात पिढ्या काढायचे. पुरुष यायचे ते एकच सल्ला घेऊन, "आवं सुभेदार, आडात सोडा की. पानी बी निर्मळ ऱ्हाईल." यावर त्यांच्या कानशिलाच्या शिरा फुगायच्या. "पानी न्हवं रं गड्या, ओल! ओल!" आणि येणारा जाणारा कोणीही असो, कुडाचं दार उघडं राहिलं की सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी आरोळी, "दार लावा, ओल जातीया!" ती आरोळी मी झोपेतही ऐकत असे आणि झोपेतच उठून दार लावत असे.

मग एक चैत्र असा आला की मुलाची खुशाली येणंच थांबलं. सुभेदार दिवसातून चारचारदा गोणपाटं भिजवायला लागले. मावशी देवापुढच्या वाती वाढवत गेल्या. एका बाजाराच्या दिवशी मी शाळेतून आलो तर कुडाचं दार सताड उघडं, आणि मावशी परसातल्या आडाच्या काठाशी बसलेल्या, हातात कुंकवाची कोयरी. मी धावलो. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "द्येवाचं जनावर, किती दिस कोंडायचं? पान्याचं पान्यात ग्येलं म्हंजी माजं प्वार घरचं घरला यील." तेवढ्यात सुभेदार बाजारातून आले. त्यांनी उघडं दार पाहिलं, कोयरी पाहिली, आणि पिशवी टाकून कमरेला दोर बांधला. दुसरं टोक माझ्या हातात कोंबलं. "सोडलासा तर बगा!"

साठी उलटलेला तो माणूस आडाच्या खाचांत पाय रोवत उतरला तो शिव्या देतच. आडाला, दोराला, जपानला, मला. मग डुबकीचा आवाज झाला आणि शिव्या थांबल्या. त्या शांततेची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्यांच्या आवाजाची कधी वाटली नव्हती. वर आले तेव्हा रंगरूट काखेत होता, मान लोंबत होती. त्यांनी त्याला उलटं धरलं. तोंडातून पाणी गळलं. त्याचे पुढचे पाय ते ओढत आणि आत ढकलत राहिले, बुडालेल्या माणसाचे हात पलटणीत करतात तसे, आणि ओरडत राहिले, "हाजीर व्हा! रंगरूट, हाजीर व्हा!" आवाज फाटला होता. किती वेळानं कोण जाणे, एक पाय त्यांच्या बोटाला आपणहून लागला. सुभेदार मावशींकडे वळले. मी डोळे मिटून घेतले. "रडायचं न्हाई!" ते गरजले, "हुकूम हाय!" डोळे उघडले तेव्हा स्वतः हुकूम मोडून ते हुंदके देत होते.

लढाई संपली आणि बऱ्याच उशिरानं, एका दुपारी, मुलगा आला. वाळलेला, कानावर नवा व्रण. तो सरळ माझ्या खोलीतून कुडापाशी गेला आणि त्यानं दार उघडलं. आत सुभेदार गुडघ्यांवर बसून गोणपाट पिळत होते. मान न वळवता त्यांनी आरोळी ठोकली, "दार लावा, ओल जातीया!"

"आबा, मी हाय."

सुभेदार वळले. हातातलं गोणपाट त्यांच्याच धोतरावर गळत होतं. "तू असलास म्हनून काय झालं? दार लाव आदी!"

मुलगा आत गेला आणि त्यानं दार लावलं. ते दोघं त्या ओल्या अंधारात खूप वेळ होते. मावशी भाकरतुकडा घेऊन बाहेर उभ्या राहिल्या आणि मी जन्मात पहिल्यांदा माझ्या खोलीतून उगीचच बाहेर गेलो.

जेवताना मुलगा हसत म्हणाला, "आबा, ते अजून हाय व्हय? मी इसारलोच हुतो. मोटार सुटंना, तवा कायतरी बोलायचं म्हनून सांबाळा बोललो." मला वाटलं आता छप्पर उडतं. सुभेदारांनी भाकरी मोडली, आमटीत कुस्करली आणि म्हणाले, "बरं झालं बोललास."

त्यानंतर ते चिडलेले मी पाहिले नाहीत. रंगरूट धडधाकट होता. गोणपाटं आता मावशी भिजवत, आणि हळद न लावता त्याला नमस्कार करत. कोंबडा आरवला तर सुभेदार ऐकून घेत. ज्या शांततेसाठी मी इतकी वर्षं देवाला साकडं घातलं ती मिळाली, आणि मला घर खायला उठलं. शेवटी एका दुपारी मी मुद्दाम कुडाचं दार सताड उघडं टाकलं आणि पुस्तक तोंडासमोर धरून वाट पाहत बसलो. सुभेदार आले. दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ते हलक्या हातानं ओढून घेतलं आणि कडी लावली. "असूंद्या मास्तर," ते म्हणाले, "इसारतं मानूस."

इतक्या वर्षांत मला त्यांचा कधी आला नव्हता एवढा राग त्या दुपारी आला.