घर धुतलं त्या दिवशी

आईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते खाऊ द्या. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण तिची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात आया म्हणून गेलेली. अशी घरी पाठवलेली माणसं तिनं कितीतरी पाहिली होती.

मी शाळेतून रजा घेतली आणि पडेगावला तिच्याकडं येऊन राहिले. वडील आम्ही लहान असतानाच गेले; हे घर तिनं एकटीनं बांधलं होतं. आधी खालच्या खोल्या, मग काही वर्षांनी वरचा मजला.

एका सकाळी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून अंगणात आणलं. बऱ्याच महिन्यांनी ती घर बाहेरून बघत होती. रस्त्याच्या कामाची धूळ बसून भिंतींचा पिवळा रंग मातकट झाला होता. गच्चीच्या कठड्याखाली पावसाचे काळे ओघळ उतरले होते. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "घर धुवून घे."

"दिवाळीला रंगच देऊ की."

"रंग नको. धुवूनच घे, लवकर. माणसं येतील."

कोण माणसं, असं मी विचारलं नाही. तिनंही माझ्याकडं पाहिलं नाही.

पैसे घेऊन घर बाहेरून धुऊन देणारे लोक असतात, हेच मला नवीन होतं. एकानं फोनवरच चौरस फुटाचा भाव सांगितला. स्वस्त होता. औरंगपुऱ्यातला दुसरा मात्र आधी घर बघायला आला, सगळ्या बाजूंनी फिरला आणि पहिल्याच्या दुपटीहून जास्त खर्च सांगितला. मी कारण विचारलं. धूळ नुसत्या पाण्यानं जाईल, तो म्हणाला, पण हे काळं शेवाळ आहे, त्याला औषध मारून मुरू द्यावं लागतं. वरच्या मजल्याला परांची बांधावी लागेल. मशीनचा जोर वाढवला तर जुना गिलावा सुटतो. कमी ठेवला तर वेळ लागतो, म्हणजे मजुरी वाढते. शिवाय पाणी. आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळं टँकर वेगळा. स्वस्तवाल्यानं यातलं काहीच धरलं नव्हतं.

भाऊ पुण्याला असतो. तो फोनवर चिडला. प्यायला पाणी विकत घेतो आपण, आणि भिंती धुवायच्या? त्याचं चुकत नव्हतं. मी दाराबाहेर जाऊन बोलत होते तरी आईला कळलंच. तिनं फोन मागून घेतला. तो काय बोलला मला ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला बघवत नाय रे तसलं घर." आणि फोन माझ्या हातात दिला. संध्याकाळी त्यानं पैसे पाठवले.

धुवायच्या दिवशी खिडक्या बंद करून बाहेरून प्लास्टिक लावलं. आईची खोली अंधारली. शेजारच्या खाला तिच्यापाशी येऊन बसल्या. दोघींनी इथं बरोबरच प्लॉट घेतले होते. त्या दिवशी आई तरतरीत होती. अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मी जवळ बसले की मला बाहेर पिटाळायची. "इथं काय करतीस? त्यांच्यावर ध्यान ठेव. मागची भिंत सोडतील."

मग मी बाहेरच राहिले. टँकर वळणावर अडकला, पलीकडच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखलाचं पाणी उडालं, त्यांची समजूत घातली. मशीनच्या आवाजात आतलं काही ऐकू येत नव्हतं. एकदा पाणी प्यायला आत गेले तर दोघी हसत होत्या. कशाला हसताय, विचारलं. "तुझं काम झालं का आधी?" आई म्हणाली.

दिवस मावळायच्या सुमारास कामाची माणसं गेली. पिवळा रंग वर आला होता, फिकट, पण तिनं निवडलेला तोच. मी खुर्ची घेऊन आत गेले तर तिला झोप लागली होती. थकली, उठवू नको, खाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. बोलणं आधी जड झालं, मग थांबलं. तिला उठवून बाहेर नेणं शक्यच नव्हतं. मी मोबाइलवर घराचे फोटो काढले आणि तिच्या डोळ्यांसमोर धरले. तिनं पाहिले की नाही, सांगता येत नाही. आठवड्याभरात ती गेली.

माणसं आली. अंगणात सतरंज्या टाकल्या, बुद्धवंदना झाली. भिंतींकडं कुणाचं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही. भाऊ मात्र एकटाच घराला वळसा घालून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आला. 

आई शेवटचं नीट बोलली तो दिवस मी बाहेर काढला, हे माझ्या ध्यानात आलं ते सगळे पाहुणे गेल्यावर. मग मी खालांकडं जाऊन बसायला लागले. त्या चहा टाकायच्या आणि आठवेल तसं सांगायच्या. वरचा मजला बांधत होते तेव्हा आई ड्युटीवरून आली की हापशावरून घागरी आणून नव्या भिंतींवर पाणी मारायची, आणि मी तिथंच वाळूच्या ढिगावर झोपून जायची. खालांच्या बकरीला घाबरून मी एकदा रिकाम्या पिंपात लपले होते. घर धुतलं त्या दिवशी दोघी यालाच हसत होत्या. यातलं मला काहीच आठवत नाही.

एकदा चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "तुझ्याबद्दलबी बोलली होती. पोरगी लई करती माझं, म्हणाली. तोंडावर सांगितलं तर रडत बसंल, म्हणून सांगत नाय."

मी विचारलं, आणखी काय म्हणाली?

खालांनी कप माझ्यापुढं सरकवला. "बेटी, जित्ता याद था उत्ता बोल दी मैं."