गाणं थांबलं की

शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडली तेव्हा बेत साधा होता: ओझरच्या गणपतीचं दर्शन, आणि मग राजुरीला माझ्या मामेबहिणीकडे, शोभाकडे, दोन दिवस आराम. दर्शन छान झालं. पुढे वडापमध्ये (शेअरच्या जीपमध्ये) एक आजोबा माझ्या पेढ्यांच्या पुडक्यावर ऐसपैस बसले. ते उतरेपर्यंत सांगायचा धीर मला झाला नाही.

चपटे पेढे घेऊन गेले तरी राजुरीत स्वागत जोरात झालं. मासवडी (खोबरं-तिळाचं सारण भरलेली बेसनाची वडी), झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. इतकी जेवले की पडवीत आडवीच झाले. शोभा मात्र गळ्यात स्पीकर अडकवून उसात गवत काढायला निघाली. गाणी एवढ्या मोठ्याने लावली होती, की माझ्या झोपेचं पार खोबरं झालं.

“मावशी, एवढा आवाज कशाला?” शोभाच्या सासूबाईंना मी जरा चिडूनच विचारलं.

त्या पावटा सोलत होत्या. “उसात वाघरू (बिबट्या) हाय. आवाज आला की ते लांब ऱ्हातं. आन मला बी हितं बसून कळतं, पोरगी हाय म्हणून.”

मी ओशाळून उठून बसले आणि त्यांच्याबरोबर पावटा सोलायला लागले.

अर्ध्या तासाने गाणं ओळीच्या मध्येच थांबलं. मावशींचा हातही थांबला. “शोभे! ए शोभे!” उत्तर नाही. त्यांनी काठी उचलली, मी ताट आणि पळी, आणि आम्ही तशाच अनवाणी धावलो. मी जोरजोरात ताट बडवत होते. खोटं कशाला सांगू, मी भयंकर घाबरले होते.

बांधापाशी पोचलो, तर शोभा भारा घेऊन उसातून बाहेर येत होती. “अवं, तापून बंद पडला. रोजचंच झालंय.”

मावशी मटकन खाली बसल्या. “रोज माजा जीव जातोय, त्याचं काय?”

स्पीकर हातात घेतला, तर तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा. धूळ जाऊ नये म्हणून मावशींनी त्याला जुन्या लुगड्याचं जाडजूड, गोधडीसारखं कव्हर शिवलं होतं. आणि चार्जिंग संपू नये म्हणून शोभाने त्यातच पॉवर बँक जोडून कोंबली होती. दोघींनी काळजीपोटीच केलं होतं सगळं.

संध्याकाळी मी आणि शोभा आळेफाट्याच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदार शेठ मूळचे राजस्थानचे जैन, पण पणजोबांपासून इथलेच. “नवाच द्या,” शोभा म्हणाली.

शेठनी स्पीकर उलटापालटा केला. “कशाला, ताई? बॅटरी फुगलेली न्हाई, चांगला हाय. चार्जिंग बी चालू, गाणं बी चालू, वर ऊन आन गोधडी! मग तापंल न्हाई तर काय? सकाळी घरी, सावलीत, उघडा ठेवून चार्ज करा. भरला की वायर काढा, मग वाजवा. शेतात कव्हर नको. तरी तापलाच, तर पाणी मारू नका. आधी घरी हाळी द्या, मग बंद करून निवू द्या.”

घरी येऊन सांगितलं, तर मावशींना पटेना. “ताप आला की आमी गोधडीच घालतो!”

“ती माणसाला घाला, मावशी,” मी म्हटलं. शोभा हसत सुटली. बऱ्याच वेळाने मावशींनीच कव्हरची नाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उसातून गाणं सुरू झालं. अर्धा तास झाला, तास झाला. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो. ते लागायचं. हळूहळू मावशींची मान खांबाला टेकली आणि त्या चक्क घोरायला लागल्या. शोभा परत आली तेव्हा स्पीकर जेमतेम कोमट होता. ती बंद करणार होती, पण सासूकडे पाहून तिने तो तसाच वाजता त्यांच्या शेजारी ठेवला. मला फार बरं वाटलं.

परतीच्या एसटीत मागे कुणीतरी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावली होती. मंचरला गाणं एकदम थांबलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. उठून मागे पाहिलं. तो माणूस पिशवी घेऊन उतरत होता. तो रस्ता ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत मी खिडकीतून बघत राहिले.