पांढऱ्या पताका

श्रीलंकेला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठीची पुस्तिका बायकोनं आणली होती. पाणी उकळून प्या, दुपारचं ऊन टाळा, ड्रायव्हर रत्नांच्या दुकानात नेतात. ती गेल्यावर मी एकटाच आलो, तिच्या वाट्याचा संशयही बरोबर घेऊन.

एका गल्लीवर पांढऱ्या पताका लावलेल्या दिसल्या. ड्रायव्हरनं गाडी हळू केली, गाणं बंद केलं.

"मला दुकानात यायचं नाही," मी लगेच म्हणालो.

तो हसला. "दुकान पुढे आहे, सर. इथं कुणीतरी वारलंय."

ती गेली त्या दिवशी आमच्या दारावरून रिक्षा हॉर्न वाजवत जात होत्या. त्यांना तरी कसं कळणार?

पताका संपल्या. त्याचा हात गाण्याच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," मी म्हणालो, "अजून थोडा वेळ."