बसस्टँडवर झटकलेला हात

गरम ताऱ्यांचा अतिनील प्रकाश वरच्या हवेतच अडतो, जमिनीपर्यंत पोचत नाही. म्हणून तो टिपणारं यंत्र, स्पेक्ट्रोग्राफ, अवकाश दुर्बिणीत बसवून वर धाडावं लागतं. ते जोडणाऱ्यांत मी होते. याचा मला अभिमान आहे. पण तो मिरवताना मी माझ्या मायला मात्र लपवलं.

माय वणीच्या जिनिंग कारखान्यात कापसातली पत्ती, म्हणजे पानांचा चुरा, वेचायची. भाव पडले होते ती वर्षं. जिनिंग चार दिवस चालायचं, आठ दिवस बंद. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी सांगून ठेवलं होतं, आई शिक्षिका आहे.

एका सुट्टीनंतर मला पोचवायला ती कामावरून तशीच स्टँडवर आली. जवळ घेतलं, अन् तिच्या अंगावरची कापसाची रुई माझ्या केसांत चिकटली, ती वेचत म्हणाली, "म्हातारी दिसून राह्यली वं!" लोक बघत होते. मी तिचा हात झटकला.

पुण्यात उतरले ती थेट कामावर. डोकं धुऊनच आत जायचा नियम. उशीर झाला म्हणून तशीच टोपी चढवली. दुपारी तपासणीच्या तिरप्या उजेडात, प्रकाश फाकवणाऱ्या काचेवर एक पांढरा धागा दिसला. त्या काचेला बोटाचा तेलकटपणाही चालत नाही. साहेब सफाईच्या ताईंवर उखडले, "उद्यापासून येऊ नका." मी धागा ओळखला होता. गप्प राहिले.

संध्याकाळी मायला फोनवर सांगितलं.

"रुई आपल्या जिनिंगची, अन् बोलणं त्या बाईले? कायले गप बसून राह्यली? जाय, सांग."

सकाळी साहेबांना सांगितलं, धागा माझ्या केसांतल्या रुईचा. साहेबांनी विचारलं, "कच्ची रुई आहे, हे नुसतं बघून कसं कळलं?"

"माझी आई जिनिंगमध्ये कापूस साफ करते. शिक्षिका नाही."

ताई त्याच दिवशी परत आल्या. मला महिनाभर आत बंदी झाली. पुढे यंत्र वर गेलं. पहिल्या ताऱ्याच्या वर्णपटाची प्रत मायनं जिनिंगमधल्या सगळ्या बायांना दाखवली. "माह्या पोरीची मशीन हाय. एक धागा नाई राहू देल्ला तिनं."

झटकलेल्या हाताबद्दल मात्र आम्ही कधी बोललो नाही. परवा वणीजवळच्या राजूरला, घरी तिच्यापुढे बसले, डोकं वाकवलं.

"माय, त्या दिवशी स्टँडवर तुहा हात झटकला म्या. पाह्य आता, काही हाय का."

तिनं चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं.

"रुई नाई वं. केस पिकले तुहे."

तरी वेचतच राहिली.