सुषमाची परदेशी पाहुणी आणि हिवरखेडचे रोडगे

अमरावती ते अकोला, तिथून हिवरखेड आणि परत: पेट्रोल दोन हजारांच्या थोडं वर, टोल वेगळा, मूर्तिजापूरला चहा आणि भजी. मुक्काम बहिणीकडे, म्हणजे फुकट. हा झाला दिसणारा खर्च. खरा खर्च असा की ऐन डिसेंबरात, हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत, माझं मोटर वाइंडिंगचं दुकान अडीच दिवस बंद राहिलं. कारागीर लग्नाला गेलेला. जळालेली मोटर घेऊन आलेला शेतकरी बंद शटरसमोर जे बोलतो ते ऐकायला मी तिथे नव्हतो, एवढीच काय ती बचत.

जायचं कारण धाकट्या बहिणीचा फोन. सुषमा अकोल्यात असते. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, घरात उरले ती आणि तिचा नवरा विलासराव, म्हणजे आमचे जवाई. रिकामी खोली बघून तिला हुंदके यायचे, म्हणून कृषी महाविद्यालयात शिकायला आलेली एक परदेशी विद्यार्थिनी तिने सहा महिन्यांसाठी घरात ठेवून घेतली. मार्टा नाव, देश पोर्तुगाल, अभ्यास कापसाच्या जमिनीचा. येण्याआधी तीन महिने पुण्यात मराठी शिकलेली. सुषमाने साऱ्या कॉलनीत पेढे वाटले होते. महाविद्यालयाचा नियम एकच: आठ दिवसांनी मुलीने फॉर्म भरायचा, याच घरी राहणार की हॉस्टेलला जाणार.

चौथ्या दिवशी फोन आला. "दादा, ते पोरगी जाऊन राहिली. हॉस्टेलमधी खोली हाय का म्हनून फोनवर इचारत होती, मी माह्या कानानं ऐकलं. काय चुकलं माहं? रोज पुरन नाई त शिरा करून राहिली मी. आता कॉलनीत तोंड कसं दाखवू?"

तोंडाचं निमित्त होतं. ती खोली पुन्हा रिकामी होणार, हे तिला सोसणार नव्हतं. मी शटर ओढलं.

सकाळी आठला निघालात तर बडनेरा, मूर्तिजापूर करत साडेदहापर्यंत आरामात अकोला. रस्ता चांगला आहे. झोप येईल इतका चांगला. दोन्हीकडे कपाशी, बोंडं फुटून पांढरी झालेली.

मोटर बिघडली की शेतकरी आधी विजेला शिव्या देतो, मी आधी कान लावतो. सुषमाच्या घरीही तेच केलं. दाराच्या आत पाऊल टाकलं तर मार्टाच्या खोलीतून दोन बायकांचे आवाज. मधोमध मार्टा, मांडीवर बंद पुस्तक, चेहऱ्यावर फोटोसाठी धरून ठेवलेलं हसू.

"हे काय?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"पाळ्या लावल्या ना," सुषमा अभिमानाने म्हणाली. "दहा ते बारा समोरच्या पाटील काकू. दुपारी शेजारची शबाना भाभी शिलाई घेऊन बसते, आज सकाळीच आली. संध्याकाळी मी. पाहुनी एक मिनिट एकटी पडली नाई पाह्यजे."

तेवढ्यात मार्टा रिकामा कप घेऊन सिंककडे आली, मागोमाग त्या दोघी. सुषमाने तो असा हिसकावला की मला वाटलं कपात विंचू आहे.

"काकू, मी धुते."

"बाप्पा! पाहुनीनं भांडे घासाचे? बस, बस तू."

मार्टा बसली. शबाना भाभी लगेच तिच्याजवळ सरकली. "बोर हो रही क्या बेटा? मी हाय ना."

"मला कंटाळा आलेला नाही," मार्टा शुद्ध पुणेरीत म्हणाली. "मला थोडा वेळ एकटं बसायचं आहे."

तिघी चमकल्या. "काहून? काही दुखते काय?" पाटील काकूंनी तिच्या कपाळाला हात लावला. पाच मिनिटांत आल्याचा काढा आला.

बिघाड माझ्या लक्षात आला होता. पण सुषमाला थेट सांगणं म्हणजे चालू मोटरमध्ये बोट घालणं. म्हणून मी जाहीर केलं, "उद्या हिवरखेड. जवाईबुवा, वावरात रोडगे लावा."

दुसऱ्या दिवशी चौघं निघालो. अकोट गाठायचं, तिथून हिवरखेड. दीड-दोन तास धरा, कारण रस्ता कुठे लोणी तर कुठे नांगरट. पाणी सोबत घ्या. वावर, म्हणजे शेत, विलासरावांच्या थोरल्या भावाचं. भाऊ बाजाराला गेले होते, वावरात होत्या त्यांच्या बायको गोदाबाई, म्हणजे सुषमाची थोरली जाऊ. वय सत्तरच्या आसपास, आवाज पस्तिशीचा.

ज्यांनी रोडगे बघितले नाहीत त्यांच्यासाठी: जाडसर कणकेचे मुठीएवढे गोळे, शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजतात, फडक्याने राख झटकतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. सोबत पातेलंभर वांग्याची भाजी. वावरात हे काम पुरुषांचं असतं. म्हणजे विलासराव गोवऱ्या रचत होते आणि मी चुका काढत होतो.

सुषमाने मार्टासाठी बाजेवर चादर अंथरली, उशी ठेवली. मार्टा बसली. गोदाबाईंनी एकदा वर पाहिलं.

"कावून वं पोरी, पाय मोडला काय तुहा?"

"नाही, आजी."

"मंग बाजीवर काहून बसली? हे घे इळी. वांगे चिर."

"मोठ्या बाई!" सुषमा किंचाळली. "पाहुनी हाय ते!"

"मंग? पाहुनीले हात नस्ते काय?"

मार्टा बाजेवरून उडी मारून उतरली. विळीवर बसायचं तिला जमेना, मग साधी सुरी दिली. दहा मिनिटांनी गोदाबाई ओरडल्या, "येवढे बारीक? भाजी हाय का काजळ? मोठे मोठे चिर!" मार्टा हसली, आल्यापासून पहिल्यांदा, फोटोशिवाय. मग तिने कणीक मळली, ती सैल झाली, आणखी शिव्या खाल्ल्या. जेवायला बसली तेव्हा नाकाला राख लागलेली आणि चार रोडगे पोटात.

मी विलासरावांना कोपर मारलं. "जवाईबुवा, पोरगी रोडग्यांनी जिंकली. रोडगे खाल्लेला माणूस वऱ्हाड सोडून जात नाई. हॉस्टेल विसरा."

"पाहू ना भाऊ," विलासराव म्हणाले. ते नेहमी एवढंच बोलतात आणि कधी चुकत नाहीत.

परतताना मागच्या सीटवर सुषमा आणि मार्टा. अकोट मागे टाकलं. मग मार्टा म्हणाली, "काकू, आज आजी मला रागावल्या. मला फार बरं वाटलं."

"रागावल्या म्हनून बरं वाटलं?"

"हो. घरी माझी आईसुद्धा रागावते. तुम्ही कधीच रागावत नाही. माझ्या हातातून सगळं काढून घेता. आणि खोलीत सतत कुणीतरी बसतं. मला वाटलं, माझ्यावर लक्ष ठेवायला बसवलंय."

"लक्ष ठेवाले?" सुषमा तिच्याकडे वळली. "अवं, तुले एकटं वाटू नये म्हनून बसवत होती मी सगळ्याईले!"

"मला एकटं वाटायला वेळच मिळाला नाही, काकू."

आरशात पाहिलं. सुषमा खिडकीबाहेर बघत होती. पूर्णेचा पूल मागे पडला तशी तोंड न वळवता म्हणाली, "कनीक खरंच भलती सैल झाली होती वं तुही."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत. सुषमा अंगणात झाडू घेऊन उभी. मार्टाने येऊन झाडूसाठी हात पुढे केला. एक अख्खी मिरवणूक जाईल इतका वेळ गेला. सुषमाने झाडू मागे नेला, पुढे आणला, पुन्हा मागे नेला. शेवटी देऊन टाकला आणि पाठ फिरवून उभी राहिली, बघवत नसल्यासारखी.

समोरून पाटील काकू गेटवर आल्या. "अवो सुषमाताई, पाहुनीले झाडाले लावलं काय?"

"हाव. झालं की तुमच्याकडं पाठवू काय?"

पाटील काकू आत गेल्या. दहाच्या पाळीला आल्या नाहीत, असं मला नंतर कळलं. अंगणाचा एक कोपरा राहिला होता. सुषमा वळली, बोट दाखवलं आणि पहिल्यांदा रागावली: "तेथचं कोन झाडन, तुही माय?"

अमरावतीला पोचलो. दोन दिवस दुकानात येईल त्याला, मोटर खोलताना, रोडग्यांनी पोर्तुगाल कसा जिंकला ते सांगितलं. काही लोक दुसऱ्यांदा ऐकत होते. या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर पाहुण्याला आपण जेवू घालतो, गादी घालून देतो, पण त्याला हात आहेत हे विसरतो, हे एक. घरी आलेल्या मेहुण्याला मी परवा कांदे चिरायला दिले. तो रागावून गेला, म्हणजे सगळ्यांना लागू नाही.

आठव्या दिवशी सुषमाने फॉर्मचा फोटो पाठवला. 'याच घरी राहणार' या चौकटीत खूण. पुढे कारण विचारलं होतं. तिथे मार्टाने मराठीत लिहिलं होतं: 'सकाळी अंगण मी झाडते. दुपारी माझं दार बंद असतं.'

मी लगेच फोन लावला. "आणि रोडग्यांचं काही लिहिलं नाई?"

"नाई दादा," सुषमा म्हणाली. "त्या रोडग्यानं दोन दिवस पोट दुखलं तिचं."