वाऱ्यातलं विमान

मुलांनो, बराकपूरला आमच्या घराजवळ गंगेकाठी मैदान आहे. तिथे दर रविवारी एक वृद्ध गृहस्थ रिमोटवर चालणारं छोटं विमान उडवायला येतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचे हात सतत थरथरतात, तरी वारा नसेल त्या दिवशी ते विमान पिशवीतून काढतच नाहीत.

गेल्या रविवारी वारा भलताच होता. तिथे आपापली विमानं उडवायला येणारे तरुण म्हणाले, "दादा, आज विमान मोडलं तर उडवणं बंद. रिमोट आमच्याकडे द्यायचा. कबूल?"

"कबूल," म्हणून त्यांनी विमान वर सोडलं.

नदीवरच्या झोतांनी ते हेलकावे खाऊ लागलं. उतरताना झाडांपाशी तर एका पंखावर कललं. "वेग कमी करा, दादा!" सगळे ओरडले. त्यांनी उलट वेग वाढवला, नाक थेट वाऱ्याकडे वळवलं आणि विमान गवतावर अलगद टेकवलं.

"रिमोट हवाय ना? वीस वर्षांनी या," त्यांनी सुनावलं.

मी विचारलं, "वारा नसताना का नाही उडवत?"

"दीदी, वाऱ्यात सगळ्यांचीच विमानं थरथरतात. माझे हात कोण बघतो?"

तुमचा बाबा फोनवर सारखा बजावतो, "आई, गुडघे दुखतात ना, मग एकटी बाहेर पडू नकोस." त्याला सांगा, उद्या मी एस्प्लनेडच्या बाजारात एकटी खरेदीला चालले आहे. तिथल्या गर्दीत सगळेच अडखळत चालतात.